चौथा खळगा

प्लेटमध्ये चार खळगे असतात.
तिघांत तीन वेगळी औषधं,
चौथ्यात काही नाही,
नुसतं बुरशीला आवडतं ते खाणं.
नियम सोपा : तिनं चौथ्यात वाढावं,
बाकीचे तीन कोरे राहावेत.

आज सकाळी चारही भरलेले.
धुरकट हिरवे, मखमली,
जणू कुणी चार लहान उशा मांडून ठेवल्यात.
औषध आहे की नाही
हा फरकच तिला कळला नव्हता.

नमुन्यावर नाव नसतं.
क्रमांक, जन्मसाल, वॉर्ड.
एकोणसत्तर सालची बाई, अस्थिमज्जा बदललेली.
तिनं ट्यूलिपचं शेत कधी पाहिलं का
असा रकाना फॉर्मवर नाही.

मी पाहिलंय. गेल्या सप्टेंबरात, ब्रेझांडला,
सायब्रांड कोसेनच्या गोदामामागे.
सालांचा ढीग, कुजक्या कंदांचा, देठांचा,
थंडीत वाफाळणारा.
हात नको घालूस, म्हणाला, भाजेल.
सळईच्या टोकाशी बावन्न अंश.
तिथे बाकीचे माना टाकतात,
ही मात्र घरच्यासारखी पाय पसरते.

आत गोदामात क्रेटच्या क्रेट
दुधाळ पाण्यात उतरत होते.
पंधरा मिनिटं. वर. निथळणं. पुढचा क्रेट.
'पोरांची आंघोळ,' तो म्हणाला.
'नाही घातली तर
डिसेंबरात आंबूस वास येतो जमिनीतून,
आणि मग बँकेतून पत्र.'
थोडं थांबून :
'युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात
माझ्या बापानं हेच कंद उकडून खाल्ले होते.
आता खाऊन बघ म्हणावं.'
आणि हसला, एकटाच.

पिंपातलं पाणी आणि वॉर्डातली सलाईन,
एकाच आईची लेकरं.
एकाला गोदामात कामाला लावलं,
एकाला पांढरा कोट चढवला.
बुरशीला कोट दिसत नाही.
ती पिंपाशी झटत झटत
कुलूप बदलायला शिकली.
सूडबीड काही नव्हता तिच्या मनात,
मनच नव्हतं.
तिला सालं कुजवायची होती.
ढीग उलटला की ती उठते,
इतकी हलकी
की पडायचंच विसरते.

दुपारी अहवाल पाठवला.
आता ते जुनं औषध काढतील,
मूत्रपिंडांना जड जाणारं.
पुढे काय झालं ते आम्हाला कुणी कळवत नाही.
तो क्रमांक पुन्हा आला नाही, तर
दोनच अर्थ निघतात.

सायब्रांडला फोन केला. करू नये खरं तर.
त्याच्या ढिगातल्या बुरशीतही तेच दोन बदल,
त्याच जागी.
पलीकडे सालं काढायचं यंत्र खडखडत होतं.
मग कुणीतरी ते बंद केलं.
'माझीच का?'
माहीत नाही, म्हटलं. तेच बदल
दुकानातल्या मातीच्या पिशवीतही सापडतात,
खिडकीतल्या कुंडीतही.
वाऱ्याचा सातबारा निघत नाही.
'ढीग झाकतो,' तो म्हणाला.
'आंघोळ मात्र...' आणि पुढे बोललाच नाही.
मीही वाक्य पुरं केलं नाही.
त्याच्याजवळ उत्तर नव्हतं,
माझ्याजवळ दुसरं पिंप नव्हतं.

त्या सप्टेंबरात निघताना
त्यानं एक कागदी पिशवी हातात दिली होती,
वर जाड पेन्सिलीनं : बिनआंघोळीचे.
वीस कंद. बाल्कनीतल्या पेटीत लावले होते.

आज घरी येऊन मोजले.
सात उगवलेत, एक वाकडा,
एकाची कळी आतच तपकिरी.
रिकाम्या जागी बोट घालून पाहिलं :
मऊ, ओलं, आंबूस.
माती बोटावर तशीच.
सवयीनं हात नाकाशी नेला
आणि मध्येच थांबले,
श्वास धरून,
खाली कालव्यावरून एक सायकल जाईपर्यंत,
पूल ओलांडेपर्यंत,

मग घेतलाच.